सुक्याबरोबर ओलेही

मोकळ्या जागेला एक जुना शाप आहे. भिंत कोरी दिसली की रातोरात तिच्यावर कसल्यातरी औषधाची जाहिरात रंगवली जाते. महाजालावरच्या सार्वजनिक कट्ट्यांची हीच गत आहे. चार माणसे गुडघेदुखीवर किंवा पुरणपोळीवर मनापासून बोलत बसलेली असतात, तेवढ्यात कोणी तरी 'घरबसल्या रोज पाच हजार कमवा' असे ओरडून जातो. मग दुसरा येतो, तिसरा येतो, आणि मूळची चार माणसे हळूच उठून जातात.

या उपद्रवाला स्पॅम म्हणतात. हे मूळचे अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचे नाव. १९७० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर 'मॉन्टी पायथन' या मंडळींनी एक विनोदी प्रसंग सादर केला. त्यातल्या खानावळीत जवळजवळ प्रत्येक पदार्थात हे मांस असते, आणि कोपऱ्यातले टोळके त्याच्या नावाचा असा काही गजर करते की कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही. पुढे संगणकवाल्यांनी तो शब्द उचलला. प्रत्यक्ष उपद्रव मात्र शब्दाच्या आधीच सुरू झाला होता. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थ्युर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या त्या काळच्या जाळ्यावरील सुमारे चारशे लोकांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली. लोक चिडले, पण कंपनीचे संगणक विकले गेले. सगळी गोम इथेच आहे. लाखभर निरोप पाठवायला जवळजवळ काही खर्च येत नाही, आणि लाखात एक गळाला लागला तरी धंदा फायद्यात.

तेव्हा दारावर पहारा हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दार सताड उघडे ठेवण्याला कोणी उदारपणा म्हणत असेल तर म्हणो. त्या दारातून सज्जन आधी बाहेर पडतात. प्रश्न पहारा कसा असावा, हा आहे. कारण आज जागोजागी जो पहारा दिसतो, तो चोराला जितका अडवतो त्याहून अधिक पाहुण्याला अडवतो.

पहिल्यांदाच काही लिहायला बसलेल्या साठीच्या बाई डोळ्यांपुढे आणा. आधी वाकडीतिकडी अक्षरे ओळखा. मग नऊ चौकटींतले सिग्नलचे दिवे टिपा. दिव्याचा खांब धरायचा की नाही, हे कोणी सांगत नाही. हे सारे पार पाडून त्यांनी लिहिलेला मजकूर दुसऱ्या मिनिटाला गायब होतो. का, ते कळत नाही. कोणाला विचारावे, तेही कळत नाही. गंमत अशी की माणूस आणि यंत्र वेगळे काढण्यासाठी रचलेली ही कोडी यंत्रे माणसांपेक्षा लवकर आणि अचूक सोडवतात, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले.

आता नकाराची किंमत कोण मोजतो, ते पाहा. व्यावसायिक उपद्रव्याला नकार हा धंद्यातला खर्च वाटतो. तो मिनिटभरात दुसऱ्या नावाने हजर होतो. त्या बाईंना मात्र तो अपमान वाटतो आणि त्या पुन्हा येत नाहीत. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण इथे जरा उलटी होते. इथे सुके सुटते आणि ओलेच जळते.

बँकेत उभा जन्म गेल्यामुळे मला हे चित्र ओळखीचे वाटते. मी नोकरीला लागलो तेव्हा बचत खाते उघडायचे तर आधीच्या खातेदाराची ओळख लागे. त्याची सही अर्जावर असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. हेतू चांगला होता: लबाड माणूस आत येऊ नये. पण लबाडाला ओळखीची कधी ददात असते का? ओळखीचा चोर जीवे न सोडी, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही. अडत असे तो गाव सोडून शहरात आलेला मजूर, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. ज्याला कोणी ओळखत नाही त्यालाच सांगायचे, की ओळख आण!

पुढे नियमांना शहाणपण आले. डिसेंबर २०१० मध्ये 'छोटे खाते' नियमात आले. कागदपत्रे नसली तरी अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि छायाचित्र, एवढ्यावर खाते उघडता येऊ लागले. मर्यादा मात्र आखून दिल्या. वर्षाला एकूण एक लाखापर्यंत जमा, महिन्याला दहा हजारांपर्यंत उचल, आणि कोणत्याही वेळी शिल्लक पन्नास हजारांच्या आत. मुदत बारा महिन्यांची; तोवर ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचे दाखवले की ती वाढे. या नियमातली दृष्टी मला फार मोलाची वाटते. 'तू कोण?' असे विचारून दार लावून घेण्याऐवजी त्याने माणसाला ओसरीवर बसायला जागा दिली. लबाडाला मोठा हात मारता येईना आणि गरिबाचे अडेना.

महाजालावर हाच धडा विकिपीडियाने ठेचा खात गिरवला. २००१ साली सुरू झालेल्या आणि २००३ पासून मराठीतही असलेल्या या ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतो, म्हणून घाण करणारेही येणारच. इंग्रजी विकिपीडियाने उपाय केला तो छोट्या खात्यासारखाच: नवख्याला बहुतेक पाने मोकळी, फक्त वारंवार खराब होणारी पाने चार दिवस आणि दहा संपादने झाल्यावर. इथपर्यंत ठीक होते. पण २००७ च्या सुमारास घाण झपाट्याने पुसणारी यंत्रे आणि साधने हाती आली, आणि त्यानंतर सक्रिय संपादकांची संख्या घसरत गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचे एक मोठे कारण दाखवले: चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांचे लिखाणही या साधनांनी धडाधड उडवले जात होते, आणि ती माणसे परत येत नव्हती.

त्यावर शोधलेले उपाय साधे आहेत. २०१२ साली तिथे 'टीहाऊस' नावाची चहाची टपरीच जणू उघडली. नवख्याने काहीही विचारावे, जुन्याने न रागावता सांगावे. आणि २०१५ मध्ये आलेल्या एका यंत्रणेने एकाऐवजी दोन प्रश्न विचारायला सुरुवात केली: या बदलाने नुकसान झाले आहे का, आणि तो चांगल्या हेतूने केलेला दिसतो का? घरात आपण हेच करतो. लहान मुलाच्या हातून दूध सांडले म्हणून त्याला कोणी घराबाहेर काढत नाही.

आज तर ही सावधगिरी अधिकच हवी. पूर्वी मोडकीतोडकी भाषा ही भामट्याची खूण असे. आता यंत्राकडून त्याला हवी तितकी गुळगुळीत मराठी लिहून मिळते. ऱ्हस्वदीर्घ चुकते ते खऱ्या माणसाचे, मोबाइलवर एका बोटाने टंकणाऱ्या आजोबांचे! जुन्या खुणांवर विसंबणारा पहारेकरी आता नेमका चुकीच्या माणसाची कॉलर धरील.

कोणी म्हणेल, पहारा करणारे बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतात, थकलेले असतात; प्रत्येक नवख्याची विचारपूस कोण करणार? खरे आहे. म्हणूनच यंत्राला हमालीची कामे द्यावीत. एकच मजकूर पन्नास ठिकाणी टाकणारा त्याने खुशाल अडवावा. पण अडवलेल्याला कारण दोन ओळींत, त्याला कळेल अशा भाषेत मिळावे, आणि दाद मागायला एक माणूस असावा. व्हॉट्सॲपवरच्या सोसायटीच्या गटालाही हे लागू आहे. नव्या भाडेकरूने पहिल्याच दिवशी भाच्याच्या शिकवणीची जाहिरात टाकली, तर ॲडमिनने त्याला काढून टाकण्याआधी एक फोन करावा.

पहारेकऱ्याचे कौतुक आपण अडवलेल्यांच्या संख्येवरून करतो, कारण ती मोजता येते. जे दारातूनच परत गेले आणि कायमचे गप्प झाले, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते. भरभराटीची जागा ओस पडते ती बहुधा त्या न लिहिलेल्या रकान्यामुळे.