आपला गळा, आपला षड्ज

यंदाच्या सप्ताहांत आमच्या सुलतानपुरीं शेजारच्या मुलाचा आवाज पार बसला. वय कंठ फुटण्याचें, आणि बुवांची पट्टी काळी चार! बुवांस ती शोभते; पोर मात्र नसा ताणून तेथें पोंचूं पाहत होता.

पाश्चात्य ऑपेरागायकास ध्वनिवर्धकावांचून, वाद्यवृंदाच्या वरतीं आवाज न्यावयाचा असतो. म्हणून श्वासाचें व स्वरोच्चाराचें शिक्षण त्यास आधीं मिळतें. गळ्याची जात पाहूनच पाठ दिले जातात. मींडेची व तानेची लवचीकता त्या घडणींत सहसा येत नाहीं, हें खरें. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्यानें निवडावा, केवढी ही मोकळीक! पण शिष्य ती गुरूच्या पट्टीपायीं गमावतो.

विष्णु दिगंबरांचे शिष्य प्रो. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनीं पाश्चात्य संगीतही अभ्यासिलें आणि आवाजसाधनेवर ग्रंथ लिहिला. बालपणीं थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाणारे कुमार गंधर्व त्यांच्याच हाताखालीं शिकले, आणि पुढें त्यांचें गाणें सर्वस्वीं स्वतःचें झालें.

मुलास तूर्त मौन सांगितलें आहे. पट्टीविषयीं बुवांशीं बोलावयाचें आहे, बुवा रागावतील.