कोरकूंचा मेळघाट आणि आमची मराठी

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना आम्ही मराठीची शिक्षकमंडळी विद्यार्थ्यांना गाविलगड दाखवतो, १८०३ ची लढाई सांगतो. कोरकूंविषयी मात्र कुपोषणापलीकडे बोलत नाही. त्यांची भाषा मुंडा कुळातली. तिला मराठीची बोली समजणे हे निव्वळ अज्ञान होय. त्याच कुळातल्या संथालीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. न्यूझीलंडने १९८७ साली माओरीला अधिकृत भाषा मानले. कोरकूच्या वाट्याला काय? १९७४ साली व्याघ्र प्रकल्प आला, पुढे काही गावे उठून अकोटकडच्या सपाटीवर वसली. गाव उठते तेव्हा ओढ्या-टेकड्यांची नावेही उठतात. ती कोरकू जाणत्यांकडून शिकून घेण्याची लाज वाटत असेल, तर वऱ्हाडच्या वारशावर व्याख्याने देण्याचा अधिकार आम्हांला नाही.