पानं कोण झाडणार?

हिरव्या शेडनेटला माझा विरोध आहे. ती डोळे झाकून विकत घेणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

2021च्या मार्चमध्ये पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून मी अकोल्यातल्या आमच्या अंगणासाठी जाळी मागवली. आईबाबांना उन्हाचा त्रास होतो, बागेतली झाडं करपतात, आणि मुलगा कमावता आहे. मग मुलाने काहीतरी करायला नको का? स्क्रीनवर चार पर्याय होते : 35, 50, 75 आणि 90 टक्के. आयुष्यभर मार्कांच्या मागे धावलेल्या माणसाने जे केलं असतं तेच मी केलं. 90 घेतली. दहा मिनिटांत काम संपलं. बाबांनी माणूस बोलावून लोखंडी पाइप उभे केले, जाळी ताणून बांधली आणि फोटो पाठवला. अख्खं अंगण हिरवंगार दिसत होतं. मी त्यावर अंगठा दाखवला आणि मीटिंगला बसलो.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आईचा मोगरा फुलायचा थांबला. मिरचीची रोपं उजेड शोधत काडीसारखी उंच वाढली आणि आडवी झाली. ह्यात जाळीचा दोष नाही. 90 टक्के म्हणजे दहातला एकच हिस्सा उजेड खाली येणार, आणि मोगऱ्याला तर भरपूर ऊन लागतं. भाजीपाल्याला, रोपवाटिकेला 35 किंवा 50 टक्क्यांची जाळी पुरते. 90ची जाळी गाडी उभी करायला ठीक. मी बागेवर पार्किंगचं छप्पर घातलं होतं.

झाडांचं जाऊ द्या, माणसांना तरी गारवा मिळाला का? तोही नाही. मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा कळलं की जाळी डोक्यावर होती आणि ऊन भिंतीवर होतं. आमच्या घराचं तोंड पश्चिमेला. मे महिन्यात अकोल्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजाच्या जेमतेम 25 अंश वर असतो, आणि मावळतो तोही नेमक्या पश्चिमेला नाही, जरा उत्तरेकडे सरकून. म्हणजे दुपारनंतरचं ऊन छपराखालून तिरकं आत येतं, थेट बैठकीच्या भिंतीवर. ती भिंत संध्याकाळपर्यंत तापते आणि मध्यरात्रीपर्यंत घरात उष्णता सोडत राहते. अकोल्यात मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला तर त्याची बातमीही होत नाही. तिथे भिंत गार झाली की नाही, ह्यावर रात्रीची झोप ठरते.

मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात तर अकोल्यात शून्य सावली दिवस येतो. भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. म्हणजे दुपारी बाराला छप्पर हवं आणि पाचला पडदा हवा. आडवी ताणलेली जाळी ह्यातलं अर्धंच काम करते. वर ती खाली बांधलेली असली की तापलेली हवा तिच्याखालीच कोंडते आणि जाळी स्वतः तापून खाली बसलेल्यावर उष्णता फेकते.

जिथे जाळीचा खांब उभा आहे, तिथून दोन पावलांवर पूर्वी करंज होता. पश्चिमेच्या कंपाउंडला लागून. 2019मध्ये गाडी आली, फाटक रुंद करायचं ठरलं आणि करंज गेला. रीतसर परवानगी काढून गेला. राज्यात 1975पासून शहरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय पाडता येत नाही आणि बदल्यात रोपं लावायला सांगतात. आम्ही लावलीही, जागा होती तिथे, मागच्या बाजूला. नियम पाळला गेला. पण पाच वाजताचं ऊन समोरून येतं.

त्या करंजाचं एक गणित मला त्याच्या हयातीत कधी कळलं नाही. तो पश्चिमेला होता, त्यामुळे सकाळी त्याची सावली बाहेर, रस्त्यावर पडायची. भाजीवाल्या मावशी गाडी तिथेच लावायच्या. गॅस सिलिंडरवाला तिथेच टेकायचा. दुपार कलली की तीच सावली कंपाउंड ओलांडून आमच्या अंगणात यायची, मग भिंतीवर चढायची. सकाळी ती रस्त्याची असायची आणि दुपारी आमची. जाळीच्या सावलीला असं काही जमत नाही. ती पाइपांच्या मापात कापलेली असते. भाजीवाल्या मावशी आता आमच्या दारात थांबत नाहीत, हाक मारून पुढे जातात. त्यांची चूक काय? थांबायला आम्ही काही ठेवलंच नाही.

आता थोडा हिशेब करू, कारण ‘झाडाखाली गार वाटतं’ हे वाक्य अनेकांना भावनेचं वाटतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 0.68 युनिट उष्णता लागते. ही विजेच्या बिलावर असतात तीच युनिटं. एखादं झाड दिवसभरात पानांवाटे 50 लिटर पाणी सोडतं असं धरा. म्हणजे 34 युनिट उष्णता त्याने शोषून घेतली. सगळा गारवा आपल्या अंगणात थांबत नाही, वाराही नेतो. पण पान स्वतः तापत नाही, हे महत्त्वाचं. जाळी ऊन अडवते आणि तापते. पान ऊन अडवतं आणि घाम गाळतं. दोन्हींखालचा काळोख सारखा दिसतो, पण अंगाला फरक कळतो.

हे सगळं मी त्या मे महिन्यात जेवताना घरी सांगितलं. हातवारे करून, मोबाईलवर सूर्याचा मार्ग दाखवून. जाळी काढू, परत करंज लावू, वेल चढवू, असा माझा ठराव होता. बाबा मान डोलावत होते. आई ताटातला भात कालवत म्हणाली, “मंग थे पानं कोन झाडन? तू येशीन का पुन्याहून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्चमध्ये करंजाची पानं झडायची. मग फुलं, लाह्यांसारखी, अंगणभर. मग शेंगा. कडुनिंबाचंही तसंच : पानगळ झाली की पाठोपाठ फुलं, मग लिंबोळ्या. पंचवीस वर्षं दिवसातून दोनदा ते अंगण आईने झाडलं. गुडघे दुखायला लागल्यावरही तिनेच झाडलं. करंज पाडायचं ठरलं तेव्हा तिने विरोध का केला नाही, हे मला त्या जेवणाच्या ताटावर कळलं. सावलीत बसून पेपर वाचणारे बाबा होते, अभ्यास करणारा मी होतो. आईच्या वाट्याला सावलीतलं काय आलं होतं, तर केर.

म्हणून माझं खरं भांडण जाळीशी नाही. ‘लो मेंटेनन्स’ ह्या शब्दाशी आहे, आणि आपल्यासारख्या वृक्षप्रेमींशीही आहे. नव्या लेआउटमधल्या घरांत फिरून बघा : अंगणभर पेव्हर ब्लॉक, वर पॉलिकार्बोनेटचं छत, कोपऱ्यात कुंडीत पाम. लोक ह्याला हसतात, ‘ह्यांना निसर्गाची आवडच नाही’ म्हणतात. आवड नसते असं नाही. त्या घरातल्या कुणीतरी केर काढून काढून हात टेकलेले असतात, आणि बाकीच्यांनी तो झाडू हातात घ्यायच्या ऐवजी केर पाडणारं झाडच काढून टाकलेलं असतं. आपण सावलीचं काम वाटून घेतलं नाही, म्हणून सावली विकत आणायची वेळ आली. आणि विकत आणलेल्या जाळीचाही केर होतोच. आमची जाळी तिसऱ्या उन्हाळ्यात कडक झाली, तिचे हिरवे धागे तुटून मातीत पडायला लागले. पानांचं खत होतं. ह्या धाग्यांचं काही होत नाही, ते बोटांनी वेचावे लागतात. तेही आईच वेचत होती.

मग करायचं काय? घरच्या बागेत सावली करायचे मार्ग खूप आहेत, फक्त प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा आहे. आजच सावली हवी असेल तर जुनं सुती लुगडं किंवा धोतर दोरीवर बांधा, पश्चिमेच्या बाजूला, उभं. हवा आरपार जाते आणि पाचचं ऊन अडतं. दोन महिने असतील तर बांबूचा मांडव घाला, डोक्यापेक्षा चांगला उंच, आणि त्यावर दोडका, घोसाळं किंवा कारलं चढवा. जानेवारीच्या शेवटी बी टोचलं तर उन्हं तापायच्या सुमारास मांडव भरायला लागतो. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून तारेची उभी जाळी लावा आणि तिच्यावर मधुमालती सोडा. मधल्या फटीतून हवा खेळते, भिंत तापत नाही. एक-दोन वर्षं असतील तर शेवगा लावा. त्याची सावली झिरझिरीत असते, खाली मिरची-कोथिंबीर जगते. फक्त त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, तेवढं छाटत राहा. आणि दहा वर्षं असतील तर कडुनिंब किंवा करंज, पश्चिमेला, घराच्या पायापासून दूर. पेव्हर ब्लॉकच्या चार ओळी तरी उपटा, मुळांना पाणी पोचू द्या.

शेडनेटही वापरा, पण तिच्या जागी : नव्या रोपांवर, उन्हाळ्यापुरती, 50 टक्क्यांची, उंच बांधलेली. जून आला की घडी करून आत ठेवा. ती टिकेलही जास्त.

पाण्याचं काय, असं विचाराल. आमच्याकडेही नळ रोज येत नाही. पण डेझर्ट कूलरही दिवसभर पाणीच पितो, त्याबद्दल कुणी ओरडत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी दोडक्याच्या दोन वेलांना पुरतं, आणि मोठं झालेलं झाड आपलं आपण खालून शोधतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना करंज लावा असं मी सांगणार नाही. मीही भाड्यानेच राहतो. पण बाल्कनीच्या कठड्यावर वेल चढवायला घरमालकाची दहा वर्षं लागत नाहीत.

मी काय केलं ते सांगून थांबतो. गेल्या जुलैत फाटकाच्या डाव्या हाताला, गाडीला अडणार नाही असा, एक करंज लावला. मांडव मी आणि बाबांनी मिळून बांधला. पहिला एका बाजूला कलला, दुसरा उभा राहिला. त्याआधी घरात एक करार झाला : सकाळचं अंगण बाबा झाडणार, दुपारनंतरचं जो घरी असेल तो, आईने झाडू धरायचा नाही. मी महिन्यातून एक आठवडा अकोल्यातून काम करतो, तेव्हा दोन्ही वेळा मी. बाबांनी पहिले चार दिवस फाटकाबाहेर कुणी बघत नाही ना हे पाहून झाडलं. आता बघितलं तरी झाडतात.

करंज अजून माझ्या कमरेइतका आहे. त्याची सावली एका चपलेवर मावते. तुमच्याही घरी असा बेत चालला असेल, तर झाड कुठलं, जाळी किती टक्क्यांची, हे नंतर ठरवा. आधी सगळ्यांना जेवायला बसवा आणि माझ्या आईने विचारलेला प्रश्न विचारा. उत्तर देताना आपलं नाव घ्यायची तयारी नसेल, तर झाडांवर कविता फॉरवर्ड करू नका.