पाप्याचं पितर

परवा एका लग्नात बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या एक मावशी आमच्या भाच्याला बघून म्हणाल्या, "काय रे हे, अगदी पाप्याचं पितर झालायस!" सगळे हसले. तोही हसला. पण फोटो काढायची वेळ आली तेव्हा गुपचूप मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मराठीत बारीक माणसासाठी शब्दांची ददात नाही. सडपातळ म्हटलं की कौतुक. किडकिडीत म्हटलं की उंचीही डोळ्यांसमोर येते. हडकुळा म्हटलं की हाडं मोजता येतात. काडीपैलवान ही निव्वळ चेष्टा. खंगलेला म्हणताना मात्र आवाज आपोआप खाली येतो, कारण त्यात आजारपण असतं, नाहीतर काळजी.

पाप्याचं पितर या सगळ्यांहून वेगळं. पितर म्हणजे गेलेले पूर्वज. भाद्रपदाच्या वद्य पक्षात मुलाबाळांनी पान वाढायचं, पिंड द्यायचे, त्यावर त्यांची भूक भागते अशी समजूत. आता वंशजच पापी निघाला, श्राद्ध-पक्ष काही केलंच नाही, तर ते बिचारे उपाशी राहून वाळणारच! म्हणजे गंमत बघा, यात पापी आहे तो न वाढणारा. पितराचा दोष काय, तर तो भुकेला राहिला. आणि आपण हसतो कुणाला? पितराला!

अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावून बघतात. घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित. मेळघाटातल्या अशा मुलांच्या बातम्या आपण १९९० च्या दशकापासून वाचतोय. त्या पोराला पाप्याचं पितर म्हणायला जीभ रेटेल का? नाही रेटणार. पण खरं तर हा वाक्प्रचार तिथेच सगळ्यात चपखल बसतो. कारण तिथे लगेच पुढचा प्रश्न येतो, मग पापी कोण?

हा शब्दप्रयोग टाकून द्यावा असं मी मुळीच म्हणत नाही. इतकी नेमकी गोष्ट दोन शब्दांत सांगणारं दुसरं काही माझ्या तरी माहितीत नाही. फक्त वापरताना बोट कुणाकडे जातंय ते बघावं, इतकंच.

भाच्याला मी उत्तर शिकवून ठेवलंय. पुन्हा कुणी तसं म्हणालं, तर सरळ ताट पुढे करायचं आणि म्हणायचं, "मग वाढा की, मावशी!"