नंबर सुटला, फोन अडकला

२० जानेवारी २०११ रोजी देशभरातल्या मोबाइलधारकांना आपला नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. हरियाणात ती दोन महिने आधीच सुरू झाली होती. १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ असा संदेश पाठवायचा, १९ रुपये भरायचे आणि नको असलेल्या कंपनीला रामराम ठोकायचा. ग्राहक आता राजा झाला, असे सगळीकडे म्हटले गेले. ज्यांच्या खिशात रिलायन्सचा किंवा टाटा इंडिकॉमचा सीडीएमए फोन होता, त्यांचे राज्य मात्र फार काळ टिकले नाही. त्यांचा नंबर सुटला, पण फोन जिथल्या तिथे राहिला. एअरटेल किंवा व्होडाफोनचे कार्ड त्या फोनमध्ये चालणे शक्यच नव्हते. हप्ते फेडून घेतलेले यंत्र एका दिवसात पेपरवेट झाले.

हा फोन दुसऱ्या कंपनीवर चालेल का, असे आपण काउंटरवरच्या पोराला विचारतो आणि तोही ‘चालेल हो’ म्हणून मोकळा होतो. खरे उत्तर मात्र त्याच्या दुकानापासून फार लांब ठरलेले असते. परवान्याच्या अटी, कंपनीचा ताळेबंद, कधी न्यायालय, कधी एखाद्या आयोगाचा निकाल, अशा ठिकाणी ते ठरते. आणि ते ठरवणाऱ्यांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्याला क्वचितच विचारले आहे.

तारेच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण सगळे एकाच मालकाचे होते. भिंतीतली तार टेलिफोन खात्याची, एक्स्चेंज खात्याचे आणि बंगळुरूच्या आयटीआयच्या कारखान्यातून आलेला तो काळा, जड फोनही खात्याचाच. वर्षानुवर्षे नंबर लावून तो घरी आला की त्याच्या डायलला एक छोटे पितळी कुलूप लागायचे. ते मात्र यजमानांनी स्वतः विकत आणलेले असे, शेजाऱ्यांसाठी.

अमेरिकेतही चित्र फार वेगळे नव्हते. तिथे एटी अँड टी कंपनीच्या तारेला कंपनीचेच यंत्र जोडायचे, दुसरे जोडणे नियमबाह्य. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी वायरलेस सेट आणि टेलिफोन यांचा मेळ घालणारे एक साधे उपकरण बनवले. जिथे तार पोचत नव्हती तिथल्या माणसांना ते हवे होते. कंपनीने विरोध केला, कार्टर भांडले आणि १९६८ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने निकाल दिला: जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहकाला हवे ते यंत्र जोडू द्या. उत्तर देणारी यंत्रे, फॅक्स, मोडेम हे सगळे पुढे त्या उघडलेल्या दारातून आत आले. पण निकाल तारेपुरता होता. बिनतारी फोन आले तेव्हा अमेरिकी कंपन्यांनी तेच दार पुन्हा ओढून घेतले.

युरोपचा धडा वेगळा होता. १९८० च्या दशकात तिथे देशागणिक वेगळी मोबाइल व्यवस्था होती आणि गाडीतला फोन सरहद्द ओलांडली की मुका होई. म्हणून १९८७ मध्ये कोपनहेगनमध्ये तेरा देशांच्या दूरसंचार संस्थांनी एका समान पद्धतीचा करार केला, तीच जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरचा पहिला कॉल झाला. या पद्धतीतली खरी क्रांती आवाजाच्या दर्जात नव्हती. ग्राहकाची ओळख यंत्रातून काढून एका चिमुकल्या कार्डावर ठेवली गेली, हा तिचा पाया. कार्ड कंपनीचे, यंत्र तुमचे. इतकी स्वच्छ वाटणी टेलिफोनच्या इतिहासात आधी झाली नव्हती.

भारताने १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना मोबाइलचे पहिले परवाने दिले तेव्हा त्यांत जीएसएमचीच अट होती. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला कॉल केला, तो याच पद्धतीवर. मुंबईत मॅक्सटच आणि बीपीएल या दोन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. कॉलचा दर ऐकून घाम फुटावा असा, त्यात येणाऱ्या कॉललाही पैसे. तरीही एका कंपनीचे कार्ड काढून दुसरीचे घातले की फोन निमूट चालत असे. त्या अटीचे श्रेय कोणत्या अधिकाऱ्याला द्यायचे, हे आज कुणाच्या लक्षात नाही. एरवी आपण सरकारी फायलींना नावे ठेवतो, म्हणून हे नोंदवून ठेवावे.

मग १९९९ चे दूरसंचार धोरण आले आणि तंत्रज्ञान कोणतेही चालेल असे ठरले. २८ डिसेंबर २००२ रोजी, धीरूभाई अंबानींच्या जयंतीला, रिलायन्सने सीडीएमए या दुसऱ्या पद्धतीवर सेवा सुरू केली. पुढच्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ आला: ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकीचे हप्त्याने. लोक रांगा लावून उभे राहिले आणि त्यात मूर्खपणा काहीच नव्हता. या फोनमध्ये वेगळे कार्ड नव्हते. नंबर यंत्रातच भरलेला आणि यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या यादीत नोंदलेला. दुसऱ्या कंपनीकडे जायचे तर यंत्र टाकूनच जावे लागे. पण हेही खरे की रिलायन्स उतरल्यावरच जीएसएम कंपन्यांचे दर जमिनीवर आले आणि मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. बांधून घेण्याची किंमत त्या ग्राहकांनी मोजली, स्वस्ताईचा लाभ सगळ्यांना झाला. फुकट काही मिळत नाही, हे आपल्या आजीला ठाऊक होते. कंपनीच्या जाहिरातीत तेवढे ते छापलेले नसते.

असाच घोळ रेल्वेतही झाला होता. मिरज जंक्शनवर एके काळी रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही मापांचे रूळ येऊन थांबत. पुण्याहून येणारा माणूस गाडी बदले, आणि मालाचे पोते हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाई. प्रत्येक माप टाकताना कुणीतरी खर्चाचा चोख हिशेब केला होता आणि तो हिशेब त्याच्यापुरता बरोबरही होता. हमालीचा खर्च मात्र त्यात कुणीच धरला नव्हता. मोबाइलमध्ये ही हमाली ग्राहकाच्या पाठीवर येते, आणि ती नेमकी कंपनी बुडते तेव्हा दिसते. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईची लूप, म्हणजे जुनी बीपीएल, बंद पडली. लाखो मुंबईकर नंबर घेऊन दुसरीकडे गेले आणि तोच फोन वापरत राहिले. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली तेव्हाही तसेच झाले. रिलायन्सची सीडीएमए सेवा गुंडाळली गेली तेव्हा मात्र नंबर वाचवता आला, पण जुना फोन कुठेच चालेना.

आयफोनची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. २९ जून २००७ रोजी तो अमेरिकेत फक्त एटी अँड टीसाठी आला आणि दोन महिन्यांच्या आत जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने त्याचे कुलूप उघडले. इथे कुलूप यंत्रात नव्हते, आज्ञावलीत होते. आपल्याकडे त्याचे पडसाद मुंबईच्या मनीष मार्केटपासून पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंत उमटले. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला फोन घेऊन माणसे ‘अनलॉक करून मिळेल’ या पाटीखाली उभी राहू लागली. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत नव्या फोनचे कुलूप कंपनीच्या परवानगीविना उघडणे बेकायदा झाले, कारण कॉपीराइट कायद्यातली सवलत संपली. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे कुलूप मालकाने उघडले तर मालकच गुन्हेगार! लाखाहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामांनी ही बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायलाच मनाई केली.

आपण या बाबतीत निश्चिंत होतो. भारतात फोन एका दुकानातून आणि सिम दुसऱ्या दुकानातून घ्यायची सवय, त्यामुळे कुलूप हा परक्यांचा रोग वाटे. तो समज ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओने मोडला. जिओकडे टूजी नव्हते, थ्रीजी नव्हते. आवाजही फोरजीच्या डेटावरूनच जाणार होता. म्हणजे फोन फोरजी असून भागत नव्हते, त्याला ती आवाजाची सोय, व्होल्टे, असावी लागे. नसेल तर सिम बसे, रेंज दिसे, इंटरनेट चाले आणि कॉल लागत नसे. जिओने त्यासाठी वेगळे ॲप काढले. बटणाच्या फोनला तर तेही नव्हते. त्या वर्गासाठी २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. तो फक्त जिओवर चालतो. २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओ भारत आला, तोही तसाच. मान्सून हंगाम्याचा व्यवहार वीस वर्षांनी त्याच घराण्यातून परत आला, आणि तेव्हाप्रमाणेच आताही त्यात लबाडी नाही, सौदा आहे. फक्त सौद्याची दुसरी बाजू ठळक अक्षरांत लिहिली पाहिजे.

नव्या काळातले कुलूप डोळ्यांना दिसतच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्हजी सुरू झाले. एअरटेलने ते फोरजीच्या आधारावर उभे केले, जिओने स्वतंत्र पायावर. दोन्हींसाठी फोनमध्ये वेगवेगळी तयारी लागते. आयफोनच्या अनेक नमुन्यांत ती तयारी आधीपासून होती, तरीही डिसेंबरमध्ये अद्ययावत आज्ञावली येईपर्यंत भारतात त्यांच्यावर फाइव्हजी चालले नाही. यंत्र तेच, हवेतल्या लहरी त्याच, अडथळा फक्त परवानगीचा. याच वर्षी अमेरिकेत एटी अँड टीने थ्रीजी बंद केले आणि आपल्या यादीत बसणाऱ्या फोनांनाच आवाजाची सोय ठेवली. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांचा इथला फोन तिथे इंटरनेट दाखवतो आणि हाक मारत नाही, याचे कारण अनेकदा ही यादी असते. पूर्वी अडचण लहरींच्या कंपनसंख्येची यायची: भारतात ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ, तिथे ८५० आणि १९००. ती निदान यंत्राच्या घडणीशी निगडित होती. यादी माणसांनी केलेली आहे.

यापुढचा वाद टूजीचा आहे. जुलै २०२० मध्ये, पहिल्या कॉलच्या पंचविसाव्या वर्षी, मुकेश अंबानींनी टूजीत अडकलेल्या तीस कोटी ग्राहकांना बाहेर काढण्याचे आवाहन केले. ज्यांच्याकडे टूजी मुळातच नाही, त्यांनी ते बंद करा म्हणणे साहजिक आहे. पण तो निर्णय झाला तर शेतात खिशात पडून असलेला, आठवडाभर चार्जिंग पुरणारा तो फोन कोणत्याच कंपनीवर चालणार नाही. एटीएमची आणि शेतपंपांची कितीतरी यंत्रेही याच जाळ्यावर आहेत.

दूरसंचार विभाग आणि दूरसंचार नियामक ट्राय यांनी यात तटस्थ राहू नये. वैध आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, असलेल्या प्रत्येक फोनला सर्व कंपन्यांनी आवाजाची सोय दिलीच पाहिजे, खास यादी चालणार नाही. स्वस्तात दिलेला बंदिस्त फोन ठरावीक मुदतीनंतर खुला झाला पाहिजे. आणि खोक्यावर मराठीसह स्थानिक भाषांत स्पष्ट लिहिलेले हवे: हा फोन कोणत्या कंपन्यांवर बोलतो. तोवर वाचकांनी एवढे करावे. पैसे देण्याआधी दुकानातच आपले सिम घालून एक कॉल लावून पाहावा. वर रेंजच्या काड्या दिसल्या म्हणून तो लागेलच असे नाही.