पडद्यावरची कावीळ

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास सोयगाव तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरने मला फोटो पाठवले. ‘सर, तिशीतली बाई आहे. पंधरा दिवसांपासून थकवा, अन्नावर वासना नाही. डोळे बघता का जरा?’ मी घरच्या संगणकावर फोटो मोठे करून पाहिले. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसत होता. ‘कावीळ वाटते, उद्या पाठवून द्या,’ असे सांगून मी मोकळा झालो.

कापूस वेचणीचे दिवस होते. नवरा-बायको दोघांची मजुरी बुडवून, गाडीभाड्याचे पैसे उसने घेऊन सकाळी शहरात आले. बाईंना ओपीडीच्या खिडकीशी नेऊन पाहिले, तर डोळे स्वच्छ पांढरे! खालची पापणी ओढून पाहिली, ती मात्र पांढरीफटक. तपासणीत बिलिरुबिन नॉर्मल आले, हिमोग्लोबिन जेमतेम ७. नसलेला आजार मला दिसला होता आणि असलेला दिसला नव्हता.

घरी आल्यावर संगणक नीट पाहिला. डोळ्यांना त्रास नको म्हणून मुलीने त्यात ‘नाइट लाइट’ सुरू करून ठेवला होता. संध्याकाळ झाली की पडद्यावरचा निळा प्रकाश कमी होतो आणि सगळे चित्र तांबूस-पिवळे होते. फोटोही पिवळ्या बल्बच्या उजेडात काढलेला. या दोन्हींनी मिळून पांढऱ्या डोळ्यांना कावीळ केली आणि फिक्या पापणीला लाली चढवली.

मला ते त्या वेळी खटकले का नाही? कारण मेंदू. पिवळट पडद्यासमोर काही मिनिटे बसले की मेंदू त्यालाच बऱ्याच अंशी पांढरे धरून चालतो. एरवी ही मोठी सोय आहे. तिच्यामुळेच चुलीच्या उजेडातही भाकरी आपल्याला भाकरीच्याच रंगाची दिसते. पण हे जुळवून घेणे पुरते नसते आणि ते किती झाले हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून ‘मला तर रंग बरोबर दिसतात’ या म्हणण्याला अर्थ नाही. त्यात पन्नाशीनंतर डोळ्यातले भिंगही पिवळट होत जाते. तेव्हा आमच्यासारख्या ज्येष्ठांनी तर असे छातीठोकपणे बोलूच नये.

मॉनिटरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून रंग तयार करतो. कोणता आकडा आला की कोणता रंग दाखवायचा, याचा ‘एसआरजीबी’ नावाचा संकेत १९९६ मध्ये ठरला. त्यानुसार पडद्यावरचा पांढरा रंग भर दिवसाच्या उजेडासारखा, म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा असायला हवा. आकडा कमी झाला की पांढऱ्यात पिवळेपणा येतो, वाढला की निळेपणा. पण दुकानात गिऱ्हाइकाची नजर ओढायची असल्याने अनेक मॉनिटर निळसर आणि भडक ठेवून विकले जातात. शिवाय आतला दिवा वर्षागणिक मंदावतो. एकाच खोलीतल्या दोन मॉनिटरवर एकच फोटो उघडून पाहा, फरक कळेल.

कापडाच्या धंद्यातली माणसे हे आपल्याहून आधी शिकली. गुलमंडीवर साडी घेणारी बाई साडी दुकानाच्या पायरीवर आणून उजेडात बघते. ऑनलाइन पैठणी विकणारे ‘प्रत्यक्ष रंगात थोडा फरक असू शकतो’ असे आधीच लिहून टाकतात. आम्हालाही शिक्षकांनी हेच शिकवले होते : कावीळ बघायची तर रुग्णाला खिडकीशी न्या. आता खिडकीची जागा पडद्याने घेतली, तो नियम मात्र मागे राहिला.

आणि ही जागा लहान नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीमुळे खेड्यातला रुग्ण दूरच्या डॉक्टरला पडद्यावर दिसतो. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी, मिळालेली माहिती निर्णयाला पुरेशी आहे का हे ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरवर टाकली, ती योग्यच आहे. पण त्वचेवरचा चट्टा, जखमेभोवतीची लाली, बाळाची कावीळ, ओठांची निळसर छटा ही माहिती रंगातच असते. मी त्या बाईंना निदान बोलावून तरी घेतले. निळसर पडद्यावर खरी कावीळ फिकी दिसली असती आणि मी ‘काही नाही, घरीच थांबा’ म्हटले असते, तर?

एक्स-रे काळा-पांढरा असला तरी तोही यातून सुटत नाही. क्ष-किरण विभागातल्या खास मॉनिटरसाठी ‘डायकॉम’ या मानकात करड्या छटांची पायरी न् पायरी ठरलेली आहे. तोच एक्स-रे वॉर्डातल्या साध्या संगणकावर किंवा मोबाइलवर पाहिला, तर फुप्फुसातली पुसट सावली हरवू शकते.

किराणा दुकानदाराच्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. ज्यावरून निदान होते तो पडदा मात्र कोणी तपासत नाही. हे बदलायला मोठा खर्च नाही. पडद्यावर ठेवून रंग मोजणारे कलरीमीटर काही हजार रुपयांत मिळते आणि एकाच यंत्रावर अनेक मॉनिटर जुळवता येतात. जिल्ह्यात असे एक यंत्र आणि ते वापरणारा एक तंत्रज्ञ असावा. टेलिमेडिसिनच्या प्रत्येक मॉनिटरवर, ऑक्सिजन सिलिंडरवर असते तशी, तपासणीच्या तारखेची चिठ्ठी असावी. ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

यंत्र येईपर्यंत, आणि घरी मुलांचे फोटो किंवा साडीचा रंग पाहणाऱ्यांसाठीही, थोडे करता येईल. नाइट लाइट बंद करा. मॉनिटर अर्धा तास सुरू राहू द्या. खिडकीचे ऊन किंवा ट्यूबलाइट थेट पडद्यावर पडत नाही ना, ते बघा. मॉनिटरच्या मेनूत ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘एसआरजीबी’ किंवा ‘स्टँडर्ड’ निवडा, रंगाचे तापमान ६५०० ठेवा. विंडोजमध्ये ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ अशी सोय आधीपासूनच असते. ती पायरीपायरीने ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि रंगांचा तोल लावून घेते. डोळ्यांनी केलेली ही जुळणी यंत्राइतकी अचूक नसते, पण ढोबळ चूक निघून जाते.

त्या सोयगावच्या डॉक्टरला आता मी एकच सांगितले आहे : फोटो दिवसा, खिडकीशी काढायचा आणि रुग्णाच्या गालाशी एक कोरा पांढरा कागद धरायचा. कागदच पिवळा दिसला, तर दोष उजेडाचा, कॅमेऱ्याचा किंवा माझ्या पडद्याचा, हे मला लगेच कळते. मात्र कागद प्रिंटरचा घ्यायचा. केसपेपर चालणार नाही, तो मुळातच पिवळट असतो.