न आठवणारा विश्वचषक

२२ नोव्हेंबर २००३, सिडनी. रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना. जादा वेळेचं शेवटचं मिनिट, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया १७-१७. इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसनने बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकला, तो रांगेच्या टोकाला लुईस मूडीने हवेत झेलला. काही क्षणांतच जॉनी विल्किन्सनने उजव्या पायाने ड्रॉप गोल मारला आणि इंग्लंड २०-१७ असं जगज्जेतं झालं.

थॉम्पसनला यातलं काहीच आठवत नाही. वयाच्या ४२ व्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, त्याने आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं.

तो हूकर होता. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून रेटतात तिथे, पहिल्या फळीच्या मधोमध, दोन्ही हात साथीदारांभोवती गुंतलेले. समोरचा रेटा घ्यायला उरतात खांदे, मान आणि डोकं. १९९५ मध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झालं, तसे खेळाडू धिप्पाड होत गेले. सामना आठवड्यातून एकदा. सरावातल्या धडका मात्र पुन्हा पुन्हा, आणि त्या मोजायचं कुणाला सुचलं नाही. २००७ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे थॉम्पसन निवृत्त झाला, तरी परतला आणि २०११ चा विश्वचषकही खेळला. मला हे परतणंच सर्वांत अस्वस्थ करतं. अशा वेळी आपण प्रेक्षक मनापासून टाळ्या वाजवतो, आणि त्या टाळ्या खेळाडूला ऐकू जातात.

डोक्याला बसलेल्या अशा धडकांवरून थॉम्पसनसह अनेक माजी खेळाडू खेळाच्या नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयात गेले आहेत. म्हणूनच या अंकात खेळाडूंच्या कारकिर्दींविषयी लिहिताना आम्ही चषकांइतकीच जागा सरावाच्या दिवसांना दिली आहे.